यानाकातली चित्रवही: सोडवायची की अखंड ठेवायची?

पार्श्वभूमी

टोकियोच्या यानाका भागात जुनी लाकडी घरं अजून बरीच उभी आहेत. १९२३ चा भूकंप आणि १९४५ चे बाँबहल्ले यांत शहराच्या पूर्वेकडचे मोठमोठे भाग जळून गेले, यानाका त्या मानाने बचावलं. म्हणून तिथल्या माळ्यांवर अजूनही जुनं काहीबाही सापडतं. या प्रकरणातलं घर तसंच. सासूबाई गेल्या, सासरे आधीच गेलेले, वारस दोन मुलगे. धाकट्याची बायको मराठी, सांगलीची. कागदपत्रांच्या भाषांतरासाठी तिने मला बोलावलं आणि त्यातून मी या भानगडीत शेवटपर्यंत राहिलो. नावं, गल्ली आणि ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत.

जपानमध्ये मृत्यूची माहिती झाल्यापासून १० महिन्यांत वारसाकराचं विवरण भरावं लागतं. करमाफीची मर्यादा ३ कोटी येन अधिक प्रत्येक वारसामागे ६० लाख, म्हणजे दोघा भावांना मिळून ४ कोटी २० लाख. यानाकातली जमीन एवढ्यात बसत नाही. घर विकायचं हे दोघांनाही मान्य होतं. वाद झाला तो माळ्यावरच्या एका लाकडी पेटीतल्या वहीवरून.

वही म्हणजे घडीची चित्रवही. एकाला एक जोडलेली पानं नागमोडी दुमडलेली, दोन्ही बाजूंना चित्रं चिकटवलेली, वर-खाली निळ्या कापडाचे पुठ्ठे. आत २६ चित्रं, सगळी लाकडी ठशांनी छापलेली. ११ हिरोशिगे या चित्रकाराच्या ‘एदोची शंभर प्रसिद्ध स्थळं’ या मालिकेतली (एदो म्हणजे टोकियोचं जुनं नाव), ५ त्याच्या नंतरच्या पिढीतल्या कोबायाशी कियोचिकाची, उरलेली बहुतेक काबुकी या जपानी नाट्यप्रकारातल्या नटांची. नटांच्या चित्रांत कुनिचिका या चित्रकाराची सही वारंवार होती.

ज्यांनी ही चित्रं पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. चित्रकार रेखाटन करायचा, कोरणारा ते रानचेरीच्या फळीवर कोरायचा, प्रत्येक रंगाला वेगळी फळी, छापणारा ओलसर कागद त्यावर ठेवून मागून चकतीने घासायचा. पैसा आणि जोखीम प्रकाशकाची. असं एक चित्र साधारण सोबा नूडल्सच्या एक-दोन वाट्यांच्या भावात मिळायचं. लोक ती विकत घ्यायचे, भिंतीला लावायचे, पोरांच्या हातात द्यायचे. हिरोशिगेची ही मालिका १८५६ मध्ये सुरू झाली, म्हणजे १८५५ च्या मोठ्या भूकंपाच्या दुसऱ्याच वर्षी, आणि १८५८ मध्ये तो वारला तोवर शंभराच्या पुढे गेली होती. प्रकाशक उओया एइकिची, शितायाचा. शिताया म्हणजे यानाकाच्या शेजारीच.

अडचण

थोरल्या भावाने पेटी उघडल्यावर पहिला प्रश्न विचारला तो पावसातल्या पुलाच्या चित्राचा. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये तैलरंगात ज्याची नक्कल केली ते. सगळे तेच विचारतात. ते चित्र वहीत नव्हतं. होती ती निहोनबाशीची बाजारपेठ, सुरुगा-चोमधली दोन्ही हातांची कापडदुकानं, ओदेन्मा-चोची सुती कापडाची पेठ, कांदा नावाच्या भागातले रंगाऱ्यांचे वाळत घातलेले तागे. रोजचं शहर. अशी चित्रं विकली जातात, पण पुलाच्या भावाने नाही.

थोरल्याला ती सोडवून एकेक विकायची होती. धाकट्याला आणि त्याच्या बायकोला वही अखंड हवी होती, मात्र का, हे त्यांनाही धड सांगता येत नव्हतं. ‘आईची वस्तू आहे’ एवढंच. थोरल्याने रास्त उत्तर दिलं: आईने ती चाळीस वर्षांत एकदाही उघडली नव्हती.

आणि घर तीन महिन्यांत रिकामं करून द्यायचं होतं.

कोणते पर्याय होते

पहिला, टोकियोच्या जिम्बोचो या जुन्या पुस्तकांच्या पेठेतल्या चित्रांच्या व्यापाऱ्याला देणं. तो घरी येऊन वही बघून गेला. माणूस सरळ होता. त्याने दोन आकडे लिहून दिले: वही अखंड घेतली तर एक, चित्रं सुटी करून मोजली तर दुसरा. दुसरा पहिल्याच्या जवळपास दुप्पट. कारणही त्याने लपवलं नाही. वहीला एक गिऱ्हाईक लागतं, सुट्या चित्रांना सव्वीस मिळू शकतात.

त्याची तपासायची पद्धत बघण्यासारखी होती. खिडकीपाशी जाऊन त्याने पान तिरपं धरलं, म्हणजे उजेड कागदावरून घसरत जाईल. आकाशाच्या निळ्यात फळीच्या लाकडाच्या रेषा उठल्या होत्या. मग तो चित्राच्या नावाच्या चौकटीकडे वळला. या मालिकेच्या सुरुवातीच्या छपाईत त्या चौकटीत दोन-दोन रंग एकमेकांत विरत जातात. मागणी वाढली तशी छापणाऱ्यांनी मेहनत कमी केली आणि चौकट साधी झाली. अकरापैकी चारच चित्रांत रंग विरत होते. नंतर समास. या मालिकेत सरकारी तपासनिसाचा शिक्का आणि वर्ष-महिन्याचा शिक्का वरच्या समासात असतो. वही बांधणाऱ्याने सात चित्रांचे समास छाटून टाकले होते. एकावर अर्धा शिक्का राहिला होता, तोही सापाच्या वर्षाचा (तिथे वर्षांना बारा प्राण्यांची नावं आळीपाळीने येतात), म्हणजे १८५७ चा, हे कसंबसं वाचता आलं.

ते अर्ध्या शिक्क्याचं चित्र कांदा कोन्याचोचं, रंगाऱ्यांच्या वस्तीचं. उंच मांडवावरून लोंबणारे सुती तागे, मागे घरांची छपरं, किल्ला आणि पार टोकाला फुजी. पुढच्या पांढऱ्या ताग्यांवर प्रकाशकाच्या नावातलं अक्षर आणि हिरोशिगेची खूण नक्षी म्हणून छापली आहे. जाहिरात चित्रातच वाळत घातलेली. सूनबाईला हे चित्र इतकं आवडलं की ‘एवढं एक काढून घेऊ आणि बाकी काय ते करा’ असं ती एकदा बोलून गेली. थोरल्याने ते बरोबर लक्षात ठेवलं.

दुसरा पर्याय परदेशात लिलाव. कायद्याची आडकाठी नव्हती. महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून नोंदलेल्या वस्तूंनाच बाहेर न्यायला बंदी आहे. पण वेळ पुरणार नव्हता.

तिसरा, संग्रहालयाला दान. धाकट्याने एका स्थानिक संग्रहालयाला पत्र लिहिलं, सोबत चित्रांची यादी. उत्तर नम्र नकाराचं आलं: ही चित्रं आमच्याकडे आहेत, जागा अपुरी आहे. खरंच आहे. हिरोशिगेची ही मालिका जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाने केव्हाच डिजिटल करून ठेवली आहे, घरबसल्या कुणीही बघावी.

चौथा, वही धाकट्याने ठेवायची आणि थोरल्याला त्याच्या वाट्याचे पैसे द्यायचे. जपानी वारसाव्यवहारात ही रीत रुळलेली आहे. पण किती पैसे? अर्धा आकडा कुठला, अखंडचा की सुट्याचा? इथे गाडी अडली.

काय घडलं आणि काय केलं

थोरल्याने वाट पाहिली नाही. एका रविवारी तो एकटाच घरी गेला, किटली चुलीवर ठेवली आणि शेवटच्या पानावर वाफ धरली. जुन्या वह्यांत चित्रं गव्हाच्या खळीने चिकटवलेली असतात, खळ ओलाव्याने सुटते, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. ते बरोबरच आहे. फक्त संवर्धक हे काम वाफेच्या फवाऱ्याने करत नाहीत, मोजका ओलावा देतात आणि तासन्‌तास थांबतात. शिवाय त्याने निवडलं सर्वांत स्वस्त वाटलेलं चित्र, कुनिचिकाचा एक नट. मेइजी काळातल्या, म्हणजे १८६८ नंतरच्या, या चित्रांत बाहेरून आलेले रासायनिक लाल आणि जांभळे रंग सढळ वापरले आहेत आणि ते पाण्याला अजिबात टिकत नाहीत. नटाच्या अंगरख्याचा लाल त्याच्या गळ्यापर्यंत पसरला. पाठीमागच्या बाजूचं चित्र, दुसरा एक नट, ज्याला पूर्वी कधी कुण्या पोराने शाईने मिशा काढल्या होत्या, तेही सालासकट उचकटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच फोन केला. हे महत्त्वाचं, कारण लपवलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

आम्ही गेलो तेव्हा पान टेबलावर वाळत होतं. दोन चित्रांच्या मध्ये अस्तराचा कागद होता आणि त्या अस्तरावर लिहिलेलं होतं. शाईने, उभ्या ओळींत, आकड्यांसह. सूनबाईने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि मराठीतच म्हणाली, ‘अहो, ही तर रोजकीर्द आहे!’ तिच्या माहेरी हळदीची अडत, अशा रकान्यांत तिचं बालपण गेलेलं. वाचल्यावर तसंच निघालं: लाकडी चपलांच्या पट्ट्यांची खरेदी-विक्री, गिऱ्हाइकांची उधारी. रकमा सेन आणि रिनमध्ये. हे चलन १८७१ मध्ये आलं, म्हणजे हिशेब त्यानंतरचा आणि वही त्याहूनही नंतर बांधलेली. जुन्या हिशेबाचे कागद अस्तराला वापरायची पद्धत तिथे सर्रास होती, त्यात नवल काही नाही. पण सासूबाईंच्या माहेरचा धंदा चपलांच्या पट्ट्यांचा होता, हे दोघा भावांना ऐकून माहीत होतं. म्हणजे वही बाजारातून आणलेली नव्हती. घरच्याच कुणीतरी दुकानातल्या रद्दीवर आपल्याकडची चित्रं डकवून ती केली होती.

इथून निर्णयाचा क्रम बदलला. भाव, विक्री, वाटणी सगळं बाजूला ठेवून आधी नोंद करायची ठरली. प्रत्येक पान वहीतच ठेवून, न दाबता, समोरून आणि तिरप्या उजेडात छायाचित्र. फाटलेलं, डागाळलेलं, कसर लागलेलं, सगळ्याची टिपणं. कागदाचं काम करणाऱ्या एका संवर्धकाला बोलावलं. तिने वही न सोडवता पानामागून मंद दिवा धरला आणि आठ पानांत शाईच्या ओळी दाखवल्या.

कसरीच्या भोकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. एक भोक पहिल्या पुठ्ठ्यापासून सलग सहा पानांतून आरपार गेलं होतं, प्रत्येक पानावर त्याच जागी, किंचित सरकत. किडा पानांचा क्रम बदलत नाही. चित्रं आज ज्या क्रमाने होती त्याच क्रमाने ती शंभरेक वर्षं पडून होती.

मग क्रमाकडे लक्ष गेलं. तोवर आम्ही सगळे चित्रकारानुसार मोजत होतो, अकरा याची, पाच त्याची. जमिनीनुसार वाचलं तर हिरोशिगेची पानं निहोनबाशीपासून सुरू होऊन सुरुगा-चो, ओदेन्मा-चो, कोन्याचो, कांदा म्योजिनचं देऊळ, शिताया हिरोकोजी असं करत उएनोच्या पायथ्याशी यामाशितापर्यंत जातात. दुकानातून घरी यायची वाट. आणि मध्ये मध्ये कियोचिका घुसवलेला. पहिल्याच पानावर हिरोशिगेचं निहोनबाशी, १८५८ चं: मोठ्या छत्रीखाली नाचत जाणारे भिक्षेकरी कलावंत, सोबाच्या डब्यांची चळत घेतलेला पोऱ्या, बाजूला शिरोकियाचं कापडदुकान, आणि जवळपास एकाही माणसाचा चेहरा दिसत नाही, सगळे छत्र्या-टोप्यांखाली. पान उलटलं की कियोचिकाचं १८८१ चं रात्रीचं निहोनबाशी, गॅसच्या दिव्यांच्या उजेडात काळ्या आकृत्या. कियोचिकाची चित्रं आडवी असल्याने बांधणाऱ्याने ती मधोमध दुमडून बसवली होती. व्यापाऱ्याच्या हिशेबात ती घडी म्हणजे दोष. पण त्या माणसाला जागा जुळवायची होती, भाव नाही. तेवीस वर्षांत त्याच रस्त्याचं काय झालं, हे त्याने शेजारी-शेजारी लावून ठेवलं होतं.

कियोचिकाची शेवटची दोन पानं १८८१ च्या जानेवारीतल्या, टोकियोतल्या र्‍योगोकु भागातल्या आगीची. ही आग कियोचिकाने धावत फिरून रेखाटली आणि तेवढ्यात त्याचं स्वतःचं घर जळालं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. वही बहुधा त्यानंतर लवकरच बांधली असावी, कारण पुढचं त्यात काहीच नाही.

निर्णय

हे सगळं टेबलावर आल्यावर थोरला म्हणाला, ‘ठीक आहे, सोडवायची नाही. पण मग मला सुट्याचा आकडा द्या.’ त्याचं म्हणणं वावगं नव्हतं. अखंड ठेवायचा हट्ट धाकट्याचा, तर त्याची किंमत धाकट्याने मोजावी. धाकट्याचं म्हणणं, दोन चित्रं तूच खराब केलीस. सलग दोन बैठका यावरच गेल्या. करसल्लागाराने विवरणात अखंड वहीचा लेखी आकडा धरला, कारण वही मृत्यूच्या दिवशी अखंड होती. भावांनी आपसांत मात्र दोन आकड्यांच्या मधला धरला, खराब झालेल्या पानाची वजावट न करता. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय तो. वजावट रास्त ठरली असती, पण ती मागितली असती तर वही वाचली असती आणि भाऊ तुटले असते.

संग्रहालयाला दुसरं पत्र गेलं. या वेळी चित्रांची यादी नाही, तर पानांचा क्रम, अस्तरातल्या हिशेबाची छायाचित्रं आणि कसरीच्या भोकांचा नकाशा. यादी वाचून नको म्हणणाऱ्या त्याच विभागाने माणूस पाठवला.

निष्पत्ती

वही आता त्या संग्रहालयात ठेव म्हणून आहे. मालकी धाकट्याची, सांभाळ त्यांचा, करार ठरावीक मुदतीने नवा करायचा. घरापेक्षा तिथे ती सुरक्षित आहे हे उघड आहे. या चित्रांतले वनस्पतींचे लाल आणि निळे उजेडाने उडतात, म्हणून मांडणीतही साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर दिवा ठेवत नाहीत आणि थोड्याच आठवड्यांत काढून घेतात. दिवाणखान्यात हे कोण पाळणार?

सूनबाईच्या कोन्याचोचा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. टोकियोत आजही फळ्या नव्याने कोरून जुन्या रीतीने छापणाऱ्या कार्यशाळा आहेत, अदाची ही त्यांतली नावाजलेली. अशाच एका ठिकाणी तिला त्या चित्राची नवी प्रत मिळाली. रंग ताजे, समास पुरते, शिक्के शाबूत. ती भिंतीवर बिनधास्त लावता येते. जुन्या प्रतीतलं निळं मला अधिक आवडतं, पण ते जुनं झाल्यामुळे की मुळातच तसं होतं हे ठरवायला नजर पुरत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मोठी गोष्ट म्हणजे पहिलं पत्र. चित्रकार, नाव, वर्ष अशी यादी पाठवली की वाचणारा आपल्या साठ्याशी ताळा करतो आणि ‘आहे’ म्हणतो. त्यात त्याची चूक नाही. शहरी जीवनाची ही चित्रं हजारोंनी छापली गेली, एकेक म्हणून ती दुर्मीळ क्वचितच असतात. कुणी कुठली निवडली, कुठल्या क्रमाने लावली, कशावर चिकटवली, हे मात्र एकदाच घडतं. चित्रवही सापडली तर यादीआधी पानांची सलग छायाचित्रं पाठवावीत.

दुसरं, व्यापारी एकच पाहिला. त्याने फसवलं नाही, तरी दुसऱ्याचा आकडा हाती असता तर बैठका लांबल्या नसत्या.

तिसरं, थोरल्याला सुरुवातीला कुणी विचारलंच नाही की तुला पैसे नेमके कशाला हवेत. करासाठी हवे होते, आणि ते घराच्या विक्रीतून तसेही येणार होते. हे कळलं तेव्हा किटली उकळून झाली होती.

राहता राहिला दिवा. पानामागून दिवा धरणं ही दोन मिनिटांची, फुकटची तपासणी. ती पहिल्या दिवशी झाली असती तर अस्तरातलं लिखाण तेव्हाच दिसलं असतं आणि दोन्ही नट शाबूत राहिले असते. थोरला हे मान्य करत नाही. मी वाफ दिली नसती तर रोजकीर्द कुणाला दिसली असती, असं तो आजही विचारतो, आणि सुटलेलं ते पान स्वतंत्र पाकिटात, वहीतल्या त्याच्या जागेचा क्रमांक टाकून, संग्रहालयाने वहीबरोबरच ठेवलं आहे.